बोटावर तोललेला पटर

तीन फुटांवरून चेंडू भोकात गेला नाही, की सोबतचे खेळाडू काहीच बोलत नाहीत. ती शांतता फार बोचते.

निवृत्तीनंतर गोल्फ शिकताना ती मला रोज ऐकावी लागे. 72 पारच्या मैदानावर 36 फटके पटरचेच धरलेले असतात. तिथेच मी हरत होतो. खेळ सोडावा, नाहीतर पेन्शनमधून महागडा पटर घ्यावा, इथवर आलो होतो.

आमच्या वयस्कर कॅडीने थांबवलं. "साहेब, आधी तुमचा हात बघू."

त्याने जमिनीवर सरळ दोरी ताणली आणि तिच्यावरून मला पटर फिरवायला लावला. पटर मागे जाताना आत वळे, पुढे जातानाही आतच. म्हणजे माझा स्ट्रोक कमानीसारखा होता. मग त्याने पटरची दांडी बोटावर आडवी तोलली. पटरचं तोंड आकाशाकडे राहिलं.

"हा सरळ रेषेत फिरणाऱ्या हाताचा. तुम्हाला टोक खाली झुकणारा हवा."

लांबीही चुकलेली होती. डोळे चेंडूच्या बरोबर वर यायला हवेत. 35 इंची पटरमुळे मी चेंडूपासून लांब उभा राहत होतो.

शेवटी टोक झुकणारा, 33 इंची, वापरलेला पटर स्वस्तात घेतला. झिजलेली ग्रिप तेवढी बदलली.

अजूनही चुकतो. पण आता दोष पटरला देत नाही, आणि खेळही सोडलेला नाही.