आधी वाचू, मग चालवू

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबईकडून आलेला रस्ता फुटतो. सरळ गोव्याकडे, उजवीकडे रत्नागिरीत. हापूसच्या दिवसांत पेट्यांनी भरलेले टेम्पो इथूनच वाशीची वाट धरतात. तिठ्याजवळच माझी भाची राहते, कॉलेजात पायथन शिकते. मैत्रिणीनं तिला पेट्यांच्या हिशेबाची एक फाईल पाठवली होती. डबल क्लिक केलं की काळी खिडकी लुकलुकायची आणि मिटायची. "मामा, ही उघडतच नाही, बघ ना."

खरं तर संगणकानं ती उघडून, वरपासून खालपर्यंत वाचून, काम उरकून मिटवलीही होती. डॉट पीवाय अशी शेपटी दिसली की विंडोज फाईल पायथनच्या हाती देतं. आपल्याला ती वाचायची असेल तर माऊसचं उजवं बटण दाबायचं, ओपन विथमध्ये जायचं, नोटपॅड निवडायचं. प्रोग्रॅम चालवणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मला वाचण्याचं मोल अधिक वाटतं.

नोटपॅडमध्ये दिसला तो अगदी साधा मजकूर. पेट्या = 40. डझन = 5. फळं = पेट्या * डझन * 12. चक्क मराठीत! 2008 साली आलेल्या पायथन 3 नं चलांना देवनागरी नावं द्यायची मुभा दिली, तिचा त्या मैत्रिणीनं मनापासून उपयोग केला होता. अंक मात्र 40 असेच लिहावे लागतात. नुसतं ४० लिहिलं तर पायथन अडून बसतो. तेच ४० अवतरणचिन्हांत घालून इंट या फंक्शनला दिलं, की तो निमूटपणे चाळीस समजतो. हा बारकावा मला फार आवडतो. आपले अंक त्याला ओळखीचे आहेत, फक्त दार कुठलं ते ठाऊक हवं.

खाली हॅशच्या चिन्हापुढे लिहिलं होतं : 'डागी आंबे यात धरू नयेत, बाबा वेगळे मोजतात.' हॅशच्या पुढचं पायथन वाचतच नाही. ती ओळ उद्या फाईल उघडणाऱ्या माणसासाठी. असे शेरे फार मोठ्या कामांतही सापडतात. अपोलो 11 चं चांद्रयान 1969 साली ज्या प्रोग्रॅमच्या आधारे चंद्रावर उतरलं, तो एमआयटीत लिहिला गेला; मार्गारेट हॅमिल्टन या त्या कामाच्या एक प्रमुख. त्याचा सोर्स कोड आज कुणालाही वाचता येतो. उतरण्याच्या गणितात एका ओळीशेजारी शेरा आहे : हे तात्पुरतं असेल अशी आशा. त्यातला आशा हा शब्द तीनदा लिहिलाय. एवढ्या मोठ्या कामात कुणाची तरी धाकधूक तशीच राहून गेली आहे. ती वाचली की त्या अनोळखी हाताविषयी मला माया वाटते.

मग आम्ही थेट पायथनच्याच लिब फोल्डरात शिरलो. तिथल्या कितीतरी फाईली पायथनमध्येच लिहिलेल्या, सगळ्या उघड्या. कॅलेंडर नावाची फाईल तिनं नोटपॅडमध्ये घेतली. लीप वर्षाचा सगळा नियम एका ओळीत : वर्षाला 4 नं भाग जावा, आणि 100 नं जाऊ नये, किंवा 400 नं जावा. तिनं ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

"म्हणजे 2100 मध्ये 29 फेब्रुवारी नाही," ती म्हणाली आणि खालच्या फंक्शनकडे वळली.