भूल

मराठीतला ‘भूल’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. डॉक्टर देतात तीही भूल आणि माणसाच्या हातून घडते तीही भूल. २०२३ च्या पावसाळ्यात या दोन्ही भुली अवघ्या तेरा दिवसांच्या अंतराने आमच्या घरात आल्या. त्यांतली पहिली आमची स्वतःची होती. ती सांगितल्याशिवाय दुसरीविषयी लिहिणे आम्हां उभयतांना प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आमची धाकटी तेव्हा साडेचार वर्षांची होती. मे महिन्यात एका संध्याकाळी ओट्यावर खेळता खेळता तिचा उजवा हात एकाएकी झटके देऊ लागला, तोंड एका बाजूस ओढले गेले आणि डोळे आमच्याकडे असूनही आम्हांला पाहीनासे झाले. सारे दोन मिनिटांत थांबले. जूनमध्ये पुन्हा तसेच घडले. मेंदूचा आलेख काढला, औषध सुरू झाले आणि डॉक्टरांनी सांगितले, “एकाच बाजूने सुरू होणारी आकडी आहे, तेव्हा मेंदूचा एमआरआय करून आत काही दोष नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.”

या तपासणीत क्ष-किरण नसतात. प्रचंड शक्तीचे चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीराच्या आतली चित्रे घेतली जातात. वेदना मुळीच होत नाही. पण अर्धा-पाऊण तास एका अरुंद बोगद्यात, कानठळ्या बसवणाऱ्या ठोक्यांमध्ये, निश्चल पडून राहावे लागते. डोके किंचित हलले तरी चित्र पुसट होते. साडेचार वर्षांचे मूल मिस्सेत प्रवचनाची दहा मिनिटे स्वस्थ बसत नाही. ते तिथे काय पडून राहणार! म्हणून लहान मुलांना पूर्ण भूल देऊनच ही तपासणी करतात.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तीन आठवड्यांनंतरची, सकाळी आठची वेळ मिळाली. सूचनांचा कागदही मिळाला. अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. तो कागद आम्ही फ्रीजच्या दाराला चिकटवला. घरात सर्वांना तो वाचून दाखवला. फक्त पणजींना नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला हे सारे कशाला सांगायचे, उगाच जिवाला घोर, असे आम्ही ठरवून टाकले. धाकटीलाही काही सांगितले नाही. “फोटो काढायला मुंबईला जायचंय,” एवढेच.

पहाटे साडेचारला उठलो. एकजण बॅग भरत होता, एकजण पोरीचे केस विंचरत होता. रिक्षाने वसई रोड स्टेशन गाठले. फलाटावरच्या दिव्याखाली तिच्या फ्रॉकवर बिस्किटाचा चुरा दिसला. आमच्यापैकी एकाने तो पाहिला, हाताने झटकला आणि काही बोलला नाही. तो कोण, हे आम्ही येथे लिहीत नाही. लेख दोघांचा आहे, मौनही दोघांचेच धरावे. तीन आठवडे वाट पाहून मिळालेली वेळ, कामावरच्या रजा, त्यात आणखी एका आकडीची भीती. एवढ्याशा बिस्किटाने काय होते, असे मनाला समजावले. मन समजलेही. मन फार लवकर समजते.

रुग्णालयात भूलतज्ज्ञ बाईंनी कागद भरता भरता विचारले, “रात्रीनंतर काही खाल्लं आहे का हिने?” आम्ही “नाही” म्हणालो. दोघेही, एका सुरात. बाईंनी लिहिले, मग पेन बाजूला ठेवले आणि धाकटीसमोर उकिडव्या बसल्या.

“बाळा, आज सकाळी काय खाल्लंस?”

“पणजीने बिस्किटं दिली. दुधात बुडवून. दोन.” तिने दोन बोटे वर केली. “कोणाला सांगू नको म्हणाली.”

घरातील झाडून सारी मोठी माणसे काही ना काही लपवत होती आणि ज्या एका जिवाला त्या टेबलावर झोपायचे होते तो तेवढा खरे बोलला. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या शांतपणे म्हणाल्या, “साध्या झोपेत ठसका लागला तर आपण खोकतो, जागे होतो. भुलीत तो पहारेकरीच झोपलेला असतो. पोटातलं दूध वर आलं तर सरळ श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाईल. आज मी हिला भूल देणार नाही.” दिवसभराच्या वेळा आधीच भरलेल्या होत्या. तेरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेल्सन यांनी १९४६ साली, प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांच्या बाबतीत नेमका हाच अपघात तपशीलवार नोंदवून ठेवला, हे आम्ही पुढे वाचले. तो इतिहास त्या सकाळी ठाऊक असण्याची गरज नव्हती. कागद ठाऊक होता, तेवढे पुरे होते.

परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. धाकटी खिडकीशी बसून नायगावची खाडी पाहत होती. “फोटो का नाही काढला?” असे तिने दोनदा विचारले.

घरी पणजींनी काही नाकारले नाही. “लेकराला उपाशीपोटी डॉक्टरकडे पाठवायचं? कुठली रीत ही?” त्या म्हणाल्या. मग आम्ही त्यांना तो कागद प्रथमच वाचून दाखवला, पोटातले फुप्फुसांत कसे जाते तेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या वेळच्या कम्युनियनच्या उपासासारखं. मग असं आधीच नाही का सांगायचं?”

पणजींचे पहिले कम्युनियन १९४७ च्या सुमारास झाले. तेव्हा मध्यरात्रीपासून अन्नच काय, पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. तो उपास त्यांनी सात-आठ वर्षांच्या वयात पाळला होता. पाण्याची मुभा १९५३ मध्ये मिळाली. १९५७ च्या मार्चमध्ये पोप बारावे पायस यांनी तो उपास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी एका तासावर. गंमत अशी की, भूलतज्ज्ञांचा उपासही पूर्वी सरसकट मध्यरात्रीपासूनच असे. पाण्यापुरता तो आता सैल झाला आहे. ज्या म्हातारीला काही समजणार नाही असे आम्ही गृहीत धरले होते, तिलाच ही गोष्ट घरात सर्वांत आधी समजली असती.

त्याच १९५७ सालच्या २४ फेब्रुवारीस याच पोपमहाशयांनी भूलतज्ज्ञांपुढे भाषण करून, वेदनाशमनाच्या बाबतीत त्यांनी विचारलेल्या नैतिक प्रश्नांची उत्तरे दिली होती. वेदना टाळण्यासाठी भूल घेण्यास ख्रिस्ती माणसाला आडकाठी नाही, हा त्यांतला भाग आम्हांला त्या दिवसांत आधार वाटला. आदामाला गाढ निद्रा आणून मग परमेश्वराने त्याची फासळी काढली, हा उत्पत्तीच्या पुस्तकातील दाखला क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते डॉ. सिम्प्सन यांनी १८४७ साली आपल्या टीकाकारांपुढे ठेवला होता. आदामाच्या आईवडिलांना मात्र बाहेर बाकावर बसावे लागले नाही, एवढाच फरक!

त्या तेरा दिवसांत आम्ही धाकटीला सारे खरे सांगायचे ठरवले. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात तिचे प्रश्न पेलणे अवघड होते.

“सुई टोचणार?”

“तू झोपल्यावर. उठशील तेव्हा हाताला छोटी नळी दिसेल.”

“दुखेल?”

“थोडं.”

“मी उठलेच नाही तर?”

या प्रश्नाला आम्ही दोघेही एका क्षणाचा उशीर केला आणि तो तिच्या लक्षात आला. मग सांगितले की त्या डॉक्टरीणबाई सगळा वेळ जवळ बसतील, तुझा प्रत्येक श्वास मोजतील आणि काम झाले की औषध बंद करतील. औषध बंद झाले की झोप संपते. तिने विचार केला. “त्या मध्येच जेवायला जाणार नाहीत ना?” आम्ही म्हणालो, नाही. हे आम्ही खात्रीने सांगू शकत होतो.

जेवणाच्या टेबलावर चादर टाकून बोगदा झाला. थोरला दादा थाळी बडवून यंत्राचा आवाज काढी आणि धाकटी बाहुलीला आत निजवी. चहाची प्लॅस्टिकची गाळणी नाकावर धरून मास्कचाही सराव झाला. बाहुलीला तिने बजावले, “बिस्किट खाल्लं असशील तर आत्ताच सांग.”

जाण्याच्या आदल्या रात्री पणजींनी जाहीर केले की, लेकरू उपाशी तर आपणही उपाशी. त्यांच्या गोळ्यांची वेळ, त्यांचे वय, सारे आम्ही पुढे केले. अखेर पाणी प्यायला त्या कबूल झाल्या. तेवढी सूट कागदातही आहे, असे त्यांनीच आम्हांला ऐकवले.

या वेळी भूलतज्ज्ञ बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि पुन्हा खाली बसून धाकटीलाही विचारले. ती म्हणाली, “काही नाही. पणजीने पण नाही.”

चुंबकाजवळ लोखंडाचा कणही चालत नाही. गळ्यातले पवित्र मातेचे पदक काढावे लागले. ते आम्ही मुठीत धरले. शेजारच्या खोलीत भूल देताना एका पालकाला थांबता येते. ही सवलत फार जुनी नाही. इंग्लंडात १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला, १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांजवळ येऊ द्या असे सांगितले, तेव्हा कोठे रुग्णालयांची दारे हळूहळू उघडू लागली.

तिने मास्क स्वतःच्या हाताने धरला. मरियेची प्रार्थना म्हणू लागली आणि ती निम्म्यावर आली तोच डोळे वर फिरले, हातपाय ताठ होऊन थरथरले. अगदी त्या आकडीसारखे! बाईंनी आधीच बजावले होते की भूल चढताना असे होते, घाबरू नका. तरीही छातीत धस्स झाले. मग ते अंग एकदम सैल पडले. झोपलेल्या मुलाचा भार आम्हांला ठाऊक होता. हा भार निराळा होता. कपाळाचे चुंबन घेतले. “आता तुम्ही बाहेर बसा,” बाई म्हणाल्या.

पन्नास मिनिटे. बाकावर बसून आम्ही रोझरी सुरू केली आणि दुसऱ्या रहस्यातच गुंता झाला. कोणाची पाळी, कितवा मणी, काही कळेना. लहान मेंदूवर भुलीचा परिणाम होत असेल का, ही शंकाही छळत होती. त्या विषयावर चाचपणी झालेली आहे. एका तासाच्या आत आटोपलेल्या एकाच भुलीने तान्ह्या बाळांच्या पुढील बौद्धिक वाढीत फरक पडला नाही, असा एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आम्ही आदल्या आठवड्यात वाचला होता. बाकावर बसल्यावर मात्र वाचलेले काही आठवत नाही. भिंतीवरचे घड्याळ तेवढे दिसते.

जागी झाली ती रडत. आम्हांला ओळखीना, हातातली नळी ओढू पाही. हेही सांगितलेले होते, असे वीस मिनिटे चालले. मग एकाएकी तिची नजर स्थिर झाली आणि तिने घोगऱ्या आवाजात विचारले, “बाई जेवायला गेल्या होत्या का?” बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच उत्तर दिले.

अहवाल चार दिवसांनी मिळाला. मेंदूच्या रचनेत दोष नव्हता. औषध चालू राहिले. सप्टेंबरात पणजींनी वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे डोके वाहिले; ते त्यांनी मे महिन्यातच मनाशी बोलून ठेवले होते.

पण त्या दिवशीचे एक राहिले. पाणी पोटात टिकले, तेव्हा परिचारिकेने धाकटीला बिस्किटे खायची परवानगी दिली. एक हातात घेऊन ती थांबली आणि “घरी फोन लाव,” म्हणाली. पलीकडून पणजींनी पहिला प्रश्न केला, “खाल्लं का गं?”

“आता खाते,” ती म्हणाली. “तू पण खा. दोन खा.”