खानाच्या घरातली बहीण

शैबानी खान हे नाव आमच्या चंदगडच्या बाजारात कुणाला सांगितले, तर हा कुणी काजूचा व्यापारी असावा असेच त्याला वाटेल. पण हा उझबेकांचा खान. १४५१ साली जन्मला आणि लहानपणीच पोरका झाला. आजा मोठा राजा. तो १४६८ साली वारला आणि राज्य विसकटले. नातवाने वणवण केली, दुसऱ्यांच्या फौजांत तलवार चालवली, बुखाऱ्यात विद्या केली, तुर्की भाषेत कविताही केल्या. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १५०० साली, समरकंद जिंकले.

त्याच साली कोवळ्या बाबराने अवघ्या २४० माणसांनिशी, रात्री तटाला शिड्या लावून ते शहर परत घेतले. पारगडावर तानाजीचा रायबा किल्लेदार होता असे सांगणाऱ्या आमच्या मुलखात ही हकीकत वाचली की सिंहगड आठवणारच! पण पुढल्याच वर्षी खानाने बाबराला हरवले, शहराला वेढा घातला. आत गोरगरीब कुत्र्यागाढवांचे मांस खाऊ लागले. अखेर बाबर रात्रीच बाहेर पडला आणि थोरली बहीण खानजादा मागे राहिली. तो लिहितो, ती निघताना शत्रूच्या हाती लागली. इतर इतिहासकार म्हणतात, तिला खानाला देऊनच त्याने आपली वाट मोकळी करून घेतली.

खानाची सत्ता वाढतच गेली. १५०७ साली हेरातही पडले. १५१० साली मात्र मर्वजवळ इराणच्या शाह इस्माईलने त्याला मारले आणि त्याच्या कवटीला सोने मढवून तिचा प्याला केला म्हणतात. शाहाने खानजादाला मानाने भावाकडे पाठवले. दहा वर्षांनी बाबर तिच्यापुढे जाऊन उभा राहिला, बोललाही. तरी तिने त्याला पटकन ओळखले नाही.

इतिहास खानाची शहरे मोजतो. मला ही दहा वर्षे मोजावीशी वाटतात. तिच्या घरी भाऊबीज नव्हती, हे ठाऊक आहे. पण वाट पाहणे सगळ्याच घरी असते.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि आमचा तालुका त्या जिल्ह्यातून निघून कोल्हापुरात आला. बेळगावाकडे दिलेल्या बहिणी एका रात्रीत परराज्यातल्या झाल्या. आमची आत्या त्यांतलीच. वडील दर भाऊबीजेला फराळाचा डबा घेऊन शिनोळीवरून पलीकडे जात. हद्द होती, पण एस.टी. चालू होती; आणि आत्याने त्यांना ओळखले नाही असे कधी झाले नाही.

खानजादाही पुढे आत्याच झाली. भाऊ गेल्यावर भांडणाऱ्या भाच्यांचे निरोप घेऊन ती म्हातारपणीही धावली. १५४५ साली वारली, तीही वाटेवरच.