शेवट ठाऊक असलेली पुस्तकं

नांदे, ता. मुळशी

चि. राणीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, बाबांना आठवायला गेलं की दवाखान्यातले शेवटचे वीस दिवसच समोर येतात. आधीचं सगळं पुसलं गेलंय." तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र.

काल दादाचं कपाट आवरलं. विश्वास पाटलांची 'पानिपत' हाती आली. 1988 साली ती निघाली, तेव्हा आपल्या घरात भाताखेरीज दुसरा पैसा नव्हता. आंबेमोहोर विकून आलेल्या पैशांतून दादाने ती घेतली आणि आईची बोलणी खाल्ली. पुढे दोन-तीन वर्षांनी एकदा तिचं पारायण ठरलेलं. पुठ्ठा सुटला तेव्हा त्याने खळ लावून खाकी कागद चढवला, तो अजून तसाच आहे. ओट्यावर बसून तो वाचायचा, समोर खाचरांत पाणी भरलेलं असायचं. मी विचारायचे, "शेवट ठाऊक आहे ना? 14 जानेवारी 1761 काही बदलणार नाही." तो मान वर न करता म्हणायचा, "शेवटासाठी कोण वाचतंय?"

त्याचं ते बोलणं मला आत्ता कळतंय. भाऊसाहेब आणि विश्वासराव परत येणार नाहीत, हे मराठी घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी आपण फौजेबरोबर उत्तरेकडे निघतो, यमुनेच्या पुरापाशी थांबतो, छावणीतल्या उपासमारीने कासावीस होतो. हरणार हे माहीत असूनही त्या माणसांचा एकेक दिवस आपल्याला मोलाचा वाटतो. राणी, दादाच्या त्रेसष्ट वर्षांपुढे ते वीस दिवस म्हणजे शेवटचं एक पान. त्या पानावरून सगळं पुस्तक जोखू नकोस.

आणि पानिपतानंतरचंही बघ. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून सावरले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर गेले. भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईंनी पतीचं जाणं मानलंच नाही. फाटक वाजलं की मीही अजून दादाच आला म्हणून उठते. त्यामुळे त्यांना वेडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुःखाला असाही वेळ द्यावा लागतो. पण त्याच घरातल्या सोळा वर्षांच्या माधवरावांनी पेशवाईची वस्त्रं घेतली. रणजित देसाईंची 'स्वामी' त्यांचीच कहाणी. थेऊरला 1772 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले, पण मधल्या अकरा वर्षांत त्यांनी मोडलेलं राज्य उभं केलं. पानिपतावर पाय कायमचा जायबंदी झालेले महादजी शिंदे 1771 मध्ये मराठी फौजेसह पुन्हा दिल्लीत होते. लंगडत गेले, पण गेले.

या कादंबऱ्यांनी मला कधी "सगळं ठीक होईल" असं खोटं सांगितलं नाही, म्हणूनच त्यांचा आधार वाटतो. धीर म्हणजे रडू थांबणं नव्हे. डोळे पुसत का होईना, समोरचं काम हाती घेणं म्हणजे धीर. तू दिवसकार्य उरकून आईचे पेन्शनचे कागद भरायला बसलीस, तो धीरच होता. तुला ते कळलं नसेल, मी पाहत होते.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'ही कपाटात आहे. महायुद्ध पेटलं त्याच 1939 सालचं, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंच्या जहाजावरचं. फार मोठं पुस्तक आहे, पण आत्ता वाचू नकोस. मन जरा सावरलं की मी स्वतः देईन.

'पानिपत'मध्ये एसटीचं एक जुनं तिकीट खुणेला आहे. दादाचं या वेळचं वाचन तिथवर आलं होतं. मी ते हलवलेलं नाही. रविवारी आईला घेऊन इकडे ये. ओट्यावर बसू, आणि तिथून पुढे तू मोठ्याने वाच.

तुझी,
आत्या