मलिद्याच्या दिवशी मुलं बर्फात



आम्ही दोघं दिमोनात राहतो. मुलगा, सून आणि नातवंडं लोदला. नातवंडं आमच्यातल्या एकाला आजी म्हणतात आणि दुसऱ्याला सबा. म्हणजे मराठी-हिब्रूची वाटणी त्यांनीच करून टाकली आहे. महिन्यातून एक-दोन शुक्रवारी सगळी येतात. नातू आल्याआल्या फ्रीज उघडतो, नात फोन चार्जिंगला लावते, सून स्वयंपाकघरात येऊन भाजीचा वास घेते. मुलगा सोफ्यावर झोपतो. याला आमच्याकडे भेट म्हणतात आणि एवढ्यावर आम्ही खूश असतो.

पण तू बिशवातच्या सुमाराची एक भेट कधी चुकली नव्हती. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आत, आमच्याकडे मलिदा असतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडे, वर सुका मेवा, शेजारी फळं. एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं आणि मग सगळ्यांनी खायचं.

एका वर्षी त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता, दोघांनीही ऐकला. "पप्पा, या शुक्रवारी नाही जमणार. मुलांना हर्मोनवर नेतोय. बर्फ पडलाय, पुढच्या आठवड्यात असेल-नसेल."

"मलिदा सोडून बर्फ?" एवढंच आम्ही म्हणालो. तो गप्प झाला, आम्हीही. "बरं" म्हणून फोन ठेवला, पण ते बरं काही खरं नव्हतं.

आमच्या लहानपणी हिवाळी खेळ म्हणजे क्रिकेट. अलिबागला असो की मुंबईला, पाऊस संपला, जमीन वाळली की फळीची बॅट बाहेर निघायची. थंडी म्हणजे सकाळी अंगावर एक स्वेटर. पायाला पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरायला माणसं पैसे देतात, हे आम्ही या देशात आल्यावर पाहिलं. हर्मोनवर स्कीची सोय 1971 पासून आहे. तिथे बर्फ टिकतो तो हिवाळ्यातले काही आठवडे, आणि तू बिशवात येतो जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे टक्कर आमची आणि मुलाची नव्हतीच, दोन पंचांगांची होती. पण हे त्या रात्री सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नातीचा निरोप आला: "सबा, गाडीत ऐकायला काहीतरी पाठव. तुम्ही दोघं संध्याकाळी ऐकता तसं."

तिनेच आम्हाला ही सवय लावली होती. मोतीबिंदूमुळे छापील पुस्तक जड जायला लागलं, तेव्हा तिने फोनवर मराठी बोलती पुस्तकं शोधून दिली. शब्द एक कळत नव्हता, तरी देवनागरी अक्षरांची चित्रं जुळवून तिने शोधली. तेव्हापासून संध्याकाळी चहा झाला की आम्ही ऐकत बसतो. पु. ल. देशपांड्यांच्या आवाजातली 'बटाट्याची चाळ' लागली की आमच्यातलं एक पुढचं वाक्य आधीच बोलतं आणि दुसरं चिडतं.

तिला काय पाठवायचं? आमच्या मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. नातवंडांना कळतात ते खाण्याचे शब्द आणि रागावण्याचे. शेवटी बेडरूमचं दार लावलं, पंखा बंद केला आणि बोलायला लागलो. अलिबागजवळचं खंडाळा, तिथला खडक, एलियाहू हनाबी तिथून रथात बसून आकाशात गेला आणि घोड्याच्या टापांची खूण दगडावर राहिली अशी आपल्या लोकांची श्रद्धा, आणि तिथे बैलगाडीतून जायची आमची माणसं. दोन वाक्यं मराठीत, एक हिब्रूत. मध्ये दोनदा भांडलो, बैल कुणाचे होते यावरून. ते भांडणही तसंच गेलं.

बोलताना आठवलं, की आपल्यात हे नवं कुठे आहे? बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात योसेफ आणि मोशे यांच्या कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या. ज्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत तनाख कानावाटे पोचला. आता नातवंडांना मराठी वाचता येत नाही, तर आपली गोष्टही कानावाटेच जाणार.

लोद ते हर्मोन जवळजवळ तीन तासांचा रस्ता. मुलाने ती गोष्ट जाताना लावली आणि येतानाही लावली. हे सुनेने सांगितलं, त्याने नाही.

मंगळवारी संध्याकाळी सगळी दिमोनात हजर. मलिदा पुन्हा केला. धाकट्याचं नाक उन्हाने सोललेलं होतं. तो म्हणाला, "घोड्याची खूण अजून आहे ना? माझ्या स्कीची लगेच गेली." मुलगा पोहे कालवत होता. वर न बघता म्हणाला, "बैल काकांचेच होते, पप्पा. तुम्हीच मला सांगितलं होतं."

तेव्हापासून दर आठवड्याला एक गोष्ट पाठवतो. दहा मिनिटांच्या वर नाही. सुरुवातीला गावाचं नाव, माणसाचं नाव आणि साल सांगतो, म्हणजे पुढे कुणी ऐकलं तर पत्ता लागावा. तुमच्याकडे फोन आहे, आवाज अजून आहे. डोळ्यांची वाट बघू नका.