बापाचा दगड

चंद्रपूरला आम्ही उभयता गेलो ते एका स्नेह्याच्या घरच्या लग्नासाठी. कार्य आटोपल्यावर दोन दिवस हाती उरले. यजमानांपुढे आम्ही भामरागडचे नाव काढताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. वर्तमानपत्रांनी त्या नावाभोवती बंदुकांचा धूर इतका दाट करून ठेवला, की त्यापलीकडे माणसे राहतात याचाच विसर पडावा. अखेर त्यांच्याच ओळखीने तिकडच्या एका शाळेतील गुरुजी सोबतीला मिळाले. निघण्यापूर्वी गोंड राजांचा परकोट पाहिला, आणि राणी हिराईने आपल्या पतीच्या, वीरशहाच्या, स्मरणार्थ बांधलेली समाधीही पाहिली. 18व्या शतकाच्या आरंभीचे ते दगडी काम न्याहाळताना मनात काहीतरी टोचले. का टोचले, ते दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज वाहणारे ट्रक रस्त्यात भेटत होते. कडेच्या झाडांची पाने तांबड्या धुळीने माखली होती. आलापल्लीनंतर मात्र अरण्य खरेखुरे अरण्य झाले. मार्च महिना होता. मोहाची फुले पहाटेच गळून पडलेली, आणि टोपल्या घेतलेल्या बाया ती वेचीत होत्या. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी जेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या हेमलकशाला थोडे थांबून आम्ही भामरागडला पोचलो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिन्ही नद्या तेथे एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की या भागाचा जगाशी संबंध तुटायचा, हे त्या उथळ, निवळशंख पाण्याकडे पाहून खरे वाटेना.

परतताना गुरुजींनी वाटेवरच्या एका गावाबाहेर गाडी थांबवली. झाडांच्या सावलीत दगड उभे होते. काही कमरेइतके, काही गुडघ्याइतके; कोणताही घडवलेला नाही, कोणावरही अक्षर नाही. गुरुजी म्हणाले, “हे माडियांचे पूर्वज. माणूस गेला की लगेच दगड उभा राहत नाही. साऱ्या गोताला, गावाला जेवण द्यावे लागते. घरच्यांची ऐपत होईल तेव्हा दगड आणायचा. त्याला वर्षेही लागतात.”

आम्ही दोघेही गप्प झालो. आमच्या गावची दफनभूमी लहान, मरणारे पुष्कळ. त्यामुळे काही काळाने कबर उघडून अस्थी काढतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. त्यात गैर काही नाही; जमीन वाढत नाही, हे आम्हांलाही कळते. वडिलांची पाळी आली तेव्हा आम्ही नोकरीनिमित्त दूर होतो. दूरध्वनीवर आम्हांला विचारण्यात आले, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या, की सर्वांच्या अस्थी जेथे टाकतात त्या विहिरीत? कोनाड्याला पैसे पडणार होते, आणि त्यासाठी समक्ष यावे लागणार होते. रजेचा प्रश्न होता. आम्ही म्हणालो, “विहिरीत टाका.” हे बोलणे मिनिटभरही चालले नसेल.

पुढे कधीतरी वाय्यू लोकांविषयी वाचनात आले. कोलंबियाच्या उत्तर टोकाला, कॅरिबियन समुद्रालगत ग्वाहिरा नावाचा रखरखीत प्रदेश आहे. रिओहाचा हे त्याचे मुख्य शहर. तेथल्या वाय्यूंमध्ये कूळ आईकडून चालते. तेही कबर उघडतात. परंतु त्यांच्यात तो सोहळा असतो. काही वर्षांनी अस्थी वर काढायच्या, घरातल्या एखाद्या स्त्रीने त्या आपल्या हातांनी स्वच्छ करायच्या आणि कुळाच्या दफनभूमीत कायमच्या ठेवायच्या. त्यासाठी नातलग दुरून येतात, दिवसचे दिवस राहतात. चंद्रपूरसारखीच तिकडेही दगडी कोळशाची अवाढव्य उघडी खाण आहे, हेही त्याच लेखात होते. पण आमच्या ध्यानात राहिल्या त्या अस्थी पुसणाऱ्या बायका. तीच कबर, तेच उघडणे. आमच्या वडिलांच्या अस्थी कोणाच्या हातांनी उचलल्या, हे आम्हांला ठाऊक नाही.

इतक्यात मोहाची टोपली डोक्यावर घेतलेली एक म्हातारी तेथे आली. टोपली खाली ठेवून तिने आम्हांला जोहार केला. आम्हीही केला. आमच्या हिने गुरुजींकरवी विचारले, “आजी, यातला तुमचा कोणता?” तिने बोट दाखवले. तो तिच्या सासऱ्याचा होता. त्याच्या बाजूचा, थोडा तिरका झालेला, नवऱ्याचा. तिरक्या दगडाच्या बुडाशी साचलेला पाचोळा तिने पायाने बाजूला सारला. मग आमच्याकडे वळून तिने काही विचारले. गुरुजी घुटमळले.

“काय म्हणतात त्या?”

“विचारते आहे, तुमच्या बापाचा दगड कुठे आहे?”

आम्ही म्हणालो, “नाही.”

तो एक शब्द गुरुजींनी माडियात सांगितला. म्हातारीने आमच्या गाडीकडे पाहिले नाही, घड्याळाकडे पाहिले नाही; आमच्या चेहऱ्याकडेच पाहिले, आणि अगदी हळू आवाजात काहीतरी बोलली. आम्ही गुरुजींकडे पाहिले.

“ती म्हणते, अजून ऐपत झाली नसेल. होईल.”

आम्ही मान हलवली. म्हातारीने टोपलीतली ओंजळभर फुले आमच्या हिच्या पदरात घातली, टोपली पुन्हा डोक्यावर चढवली आणि ती गावाकडे चालू लागली.