‘थिंग’ आणि ‘गोष्ट’

इंग्रजीच्या अध्यापनांत आमचीं तीस वर्षें गेलीं. या अवधींत विद्यार्थ्यांच्या निबंधांतील ‘थिंग’ या शब्दाखालीं आम्हीं किती तांबड्या रेघा ओढल्या असतील, याची गणती नाहीं. नेमका शब्द सुचला नाहीं कीं हा पोरका शब्द योजावयाचा! परंतु या पोरक्याचें कुळ मोठें थोर आहे.

जुन्या नॉर्स भाषेंत ‘थिंग’ म्हणजे मुख्यत्वें सभा; स्वतंत्र माणसांनीं उघड्या माळावर भरवावयाची न्यायसभा. आइसलंडांत इ. स. 930 च्या सुमारास ‘आल्थिंग’ ही अखिल देशाची सभा स्थापन झाली. तेथें राजा नव्हता. कायदाही अद्यापि लेखनिविष्ट झाला नव्हता. विधिवक्ता कायद्याच्या खडकावर उभा राहून दरवर्षीं एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणे, व तीन वर्षांत आवृत्ति पुरी करी. पुढें सभेंत येणाऱ्या वादासही ‘थिंग’ हेंच नांव पडलें. मग कोणत्याही विषयास, आणि अखेर कोणत्याही वस्तूस. इंग्रजीनें वस्तु तेवढी ठेविली व सभा विसरली. डॅनिश भाषेनें मात्र दोन्ही जपलीं. तेथें हाच शब्द नपुंसकलिंगीं सभा दाखवितो व सामान्यलिंगीं वस्तु. डेन्मार्कचें ‘फोल्केटिंग’ व नॉर्वेचें ‘स्टोर्टिंग’ हीं विधिमंडळें आजही तें जुनें नांव मिरवितात.

आतां आपल्या घरांत पाहूं. गाई जेथें उभ्या राहतात तो गोष्ठ. आपला गोठा त्याचाच वंशज. माणसें जमून बोलूं लागलीं, ती गोष्ठी. ज्ञानेश्वरींतील ‘गोठी’ म्हणजे बोलणेंच. आणि आज ‘ती गोष्ट सोडा’ असें आपण म्हणतों, तेव्हां गोष्ट म्हणजे केवळ बाब! एकमेकींपासून कांहींही उसनें न घेतां दोन दूरच्या भाषा एकाच वाटेनें चालल्या, याचें आम्हांस फार नवल वाटतें.

आल्थिंग 1800 सालीं मोडली गेली, 1843 सालीं तिच्या पुनःस्थापनेची आज्ञा निघाली, आणि 17 जून 1944 रोजीं त्याच जुन्या सभास्थानीं आइसलंडचें प्रजासत्ताक घोषित झालें. सभा मोडली तरी जागेची आठवण लोकांनीं मोडूं दिली नाहीं. आपल्या घरांत मात्र गोष्टी उदंड वाढल्या आहेत, आणि गोष्ठी ओसरत चालली आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घटकाभर सर्वांनीं एकत्र बसावें, एवढेंच वाचकांस आमचें सांगणें आहे.